कॅराव्हॅन ओढायची आहे? आधी धर्मकाट्यावर जा, मग शोरूममध्ये

इंदूरहून निघून महेश्वरला नर्मदेकाठी दोन रात्री राहायचं, स्वयंपाक आपला, अंथरूण आपलं, आईच्या गुडघ्यांना सोसेल अशा उंचीचा पलंगही आपलाच. एवढ्याशा इच्छेपायी आम्ही चार वर्षांपूर्वी छोटी कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, बांधून घेतली आणि ती ओढायला कोणती फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, घ्यावी याचा शोध सुरू केला. शोधात बराच वेळ वाया गेला, कारण सुरुवातच उलटी झाली होती. आधी गाडी, मग तिची अश्वशक्ती, मग रंग, आणि शेवटी कधीतरी कॅराव्हॅनचं वजन, असा तो क्रम होता. आता सुदामानगरातल्या ओळखीपाळखीतून कुणी विचारायला आलं की मी पहिल्याच वाक्यात सांगते : गाड्यांची तुलना गाडीपासून सुरू होत नाही, कॅराव्हॅनपासून होते.

पहिलं काम : कॅराव्हॅनचं खरं वजन

आमची कॅराव्हॅन ज्यांनी बांधली त्यांनी रिकामं वजन ६५० किलो सांगितलं होतं. देवास नाक्याकडच्या धर्मकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलायच्या मोठ्या काट्यावर, नेली तर ८९० निघालं. प्लायवुड, काचेच्या खिडक्या, लोखंडी चौकट, वरचा एसी हे सगळं त्यांनी अंदाजाने धरलं होतं. पाण्याची टाकी, गॅस, भांडी, गाद्या, बॅटरी भरून पुन्हा काट्यावर चढवली तेव्हा चिठ्ठीवर १०८० आलं. पाण्याचा हिशेब लोक हमखास विसरतात. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे ८० लिटरची भरलेली टाकी म्हणजे आणखी एक धडधाकट माणूसच.

काट्यावर तीनदा वजन करून घ्या. प्रवासासाठी भरलेली कॅराव्हॅन एकटी, माणसं आणि सामान भरलेली गाडी एकटी, आणि दोन्ही जोडलेल्या. चौथ्यांदा, जमलं तर, जोडलेल्या अवस्थेत गाडीची फक्त मागची चाकं काट्यावर ठेवा. काटेवाल्याला याची सवय नसते. आमच्याकडे बघून तो म्हणाला होता, ‘मॅडम, पूरी गाडी चढाओ ना, आधी क्यों?’ त्याला समजावून सांगा आणि प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा. ट्रकांसाठीचा काटा दहा-वीस किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतो, आपल्या कामाला तेवढं पुरतं.

कॅराव्हॅन अजून बांधलेलीच नसेल तर बांधणाऱ्याकडून रिकामं वजन लेखी घ्या आणि गाडी ठरवताना त्यात निदान २५ टक्के भर घालून धरा. आमची ८९० ची १०८० झाली, म्हणजे २१ टक्के वाढ, आणि आम्ही काही हौशी सामान भरलेलं नव्हतं.

दुसरं काम : गाडीच्या पुस्तिकेतला आकडा

गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याचं प्रकरण शोधा. काही पुस्तिकांत किलोंत आकडा असतो. काहींत ट्रेलर ओढू नका, एवढंच लिहिलेलं असतं. शोरूममधला मुलगा ‘आरामात खेचेल’ म्हणतो, त्याला काडीची किंमत देऊ नका. आकडा सापडला नाही तर कंपनीच्या ग्राहक-सेवेला गाडीचं मॉडेल आणि प्रकार लिहून ईमेल करा आणि उत्तर लेखी मिळवा. उत्तर नकाराचं आलं, किंवा आलंच नाही, तर त्या गाडीची क्षमता तुमच्यासाठी शून्य. वॉरंटी आणि विम्याचा वाद निघाला की तोंडी भरवसा कामी येत नाही.

दोन आकडे वेगळे वाचायला शिका : ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठीचा आणि ब्रेक नसलेल्यासाठीचा. परदेशात यांतलं अंतर फार मोठं असतं. ऑस्ट्रेलियात ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. माझं मत त्याहून कडक आहे. आपल्या घाटांत ५०० किलोंच्या वरची कॅराव्हॅन बिनाब्रेकची नसावी. साधा उपाय म्हणजे ओव्हररन ब्रेक : गाडी हळू झाली की कॅराव्हॅन तिच्यावर रेटली जाते, त्या रेट्यानेच कॅराव्हॅनचे ब्रेक लागतात. जोडीला तुटवायर हवी. जोड सुटलाच तर ती ताणली जाऊन कॅराव्हॅनचे ब्रेक आपोआप लागतात.

परदेशी आकड्यांवरून गाडीचा स्वभाव मात्र कळतो. माझा भाचा मेलबर्नला असतो, त्याच्याकडून मी ते वाचायला शिकले. तिथे विकली जाणारी महिंद्रा स्कॉर्पिओ ही आपल्याकडची स्कॉर्पिओ-एन, तीच २.२ लिटर डिझेल, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर. तिचा ब्रेकच्या ट्रेलरसाठीचा आकडा २५०० किलो. त्याच कंपनीची एक्सयूव्ही७०० तिथे पेट्रोल इंजिनात, पुढच्या चाकांवर चालणारी आली. तिची ताकद स्कॉर्पिओपेक्षा जास्त, सुमारे २०० अश्वशक्ती, आणि ओढण्याचा आकडा १५०० किलो. ताकद वाढली नि आकडा घटला, कारण ओढणं हे इंजिनाइतकंच सांगाड्याचं, मागच्या अॅक्सलचं (चाकांच्या आसाचं) आणि गाडीच्या वजनाचं काम आहे. टोयोटा फॉर्च्युनरचा तिथला आकडा ३१०० आणि सुझुकी जिम्नीचा १३००. हे आकडे तिथल्या गाडीचे, तिथल्या हिचसकटचे (हिच म्हणजे गाडीमागे कॅराव्हॅन अडकवायचा जोड). भारतात विकलेल्या गाडीसाठी ती परवानगी नव्हे.

तिसरं काम : भार मोजणं

इथे खरी गोम आहे, म्हणून इथे थोडी थांबते. ओढायची क्षमता २५०० असली तरी घरची माणसं बसल्यावर गाडीच आधी भरते.

उदाहरणासाठी एक गाडी घेऊ. रिकामं वजन २१००, पुस्तिकेतलं कमाल एकूण वजन २६५०. म्हणजे ५५० किलो हातात. पाच माणसं ३३० किलो, डिकीतलं सामान ६०, हिचची लोखंडी चौकट ३०. झाले ४२०. आता कॅराव्हॅनचं नाक हिचवर टेकतं, त्याचा भारही गाडीलाच सोसायचा असतो. युरोपात हा भार कॅराव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के ठेवतात, अमेरिकेत १० ते १५ टक्के. युरोपी पद्धतीच्या हलक्या कॅराव्हॅनला मी ७ टक्के धरते, म्हणजे १०८० किलोंना ७५ किलो. एकूण ४९५. उरले ५५ किलो. छतावर कॅरियर लावून सामान बांधायचा विचार इथेच सोडून द्यावा.

शिवाय हे ७५ किलो मागच्या चाकांवर ७५ म्हणून पडत नाहीत. हिच मागच्या अॅक्सलच्या सव्वा मीटर मागे असतो, तो तरफेसारखं काम करतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २७५० मिलिमीटर आणि हिच १२०० मिलिमीटर मागे असेल तर मागच्या अॅक्सलवर सुमारे १०८ किलो वाढतात आणि पुढच्यावरचे ३३ कमी होतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. म्हणून हिच अॅक्सलच्या जितका जवळ आणि चाकांमधलं अंतर जितकं लांब, तितकी गाडी ओढायला चांगली.

नाकावरचा भार घरच्या वजनकाट्यावर मोजता येतो. अंगणात कॅराव्हॅन सपाट उभी करा, चाकांना ठोकळे लावा, हिचच्या उंचीची लाकडाची दांडी कापून ती काट्यावर उभी ठेवा आणि कॅराव्हॅनचं नाक अलगद तिच्यावर टेकवा. भार कमी भरला तर जड सामान थोडं पुढे सरकवा, जास्त असेल तर मागे. मात्र जड वस्तू नेहमी खाली आणि चाकांच्या आसपास. बॅटरी आणि पाणी अगदी मागे ठेवलेली कॅराव्हॅन वेगात शेपूट हलवायला लागते.

आणखी एक मोजमाप : इंग्लंडमध्ये नवख्यांना सांगतात की भरलेली कॅराव्हॅन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून जड नसावी. आपल्या रस्त्यांवर, जिथे उलट्या बाजूने ट्रॅक्टर येतो आणि दुभाजकातून म्हैस, मी ६० टक्क्यांच्या वर जाणार नाही.

चौथं काम : घाटाचा हिशेब

इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. महेश्वर खाली निमाडात, दीडशेच्या आसपास. मधला सगळा उतार विंध्याचा. ओंकारेश्वरला जाताना सिमरोलचा भेरूघाट, मुंबई रस्त्यावर गणपती घाट, पुढे सेंधव्यापलीकडे बिजासन घाट. गणपती घाटाच्या उतरणीवर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांचे इतके अपघात झाले की तिथे उतरायला वेगळा रस्ता काढावा लागला. इंदूरकरांसाठी गाड्यांच्या तुलनेचा निकाल या उतारांवर लागतो.

गाडी, माणसं, कॅराव्हॅन मिळून ३६०० किलो. दर शंभर मीटरला आठ मीटर चढ धरला आणि ताशी ४० च्या वेगाने चढलो तर चाकांवर ५० अश्वशक्तीच्या थोडं वर लागते. आजच्या कुठल्याही मोठ्या डिझेल एसयूव्हीकडे ती आहे. चढणीची फार काळजी नको, फक्त मे महिन्यातल्या ४२ अंशांत इंजिनाच्या आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तापमानावर नजर ठेवा.

आता तेच उलट करा. त्याच उतारावरून त्याच वेगाने खाली येताना, हवा आणि टायरचं घर्षण वजा करून, सुमारे २५ किलोवॉट उष्णता कुठेतरी जिरवावी लागते. दोन किलोवॉटचे डझनभर गीझर एकदम चालू ठेवल्यासारखं आहे ते. सगळी उष्णता ब्रेकवर सोडली तर पाच मिनिटांत पॅडलखाली स्पंज असल्यासारखं वाटू लागतं. म्हणून चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये, किंवा एक खालच्या, उतरायचं. उतार सुरू होण्याआधीच गिअर टाकायचा. ब्रेक सतत दाबून धरायचा नाही. ठाम दाबायचा, वेग उतरवायचा आणि सोडायचा. गाडी बघायला जाल तेव्हा हे विचारा : ऑटोमॅटिक असेल तर खालचा गिअर हाताने धरून ठेवता येतो का, आणि ती आपणहून वरचा गिअर टाकत नाही ना?

पाचवं काम : फोर बाय फोर कशासाठी हवं

डांबरी रस्त्यावर फोर बाय फोरने ओढायची ताकद वाढत नाही. ते उपयोगी पडतं ते पावसाळ्यात, माळव्याच्या काळ्या मातीत. शेतातल्या मुक्कामी रात्री सर पडली की सकाळी टायरला मातीचे थर चिकटतात आणि फक्त मागच्या चाकांवर चालणारी गाडी हजार किलो घेऊन जागच्या जागी फिरत राहते. दुसरा उपयोग लो-रेंजचा, म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त देणाऱ्या जादा गिअरांचा. चढावर कॅराव्हॅन मागे घेताना क्लच न जाळता मुंगीच्या पावलाने सरकता येतं.

स्कॉर्पिओ-एन, थार, गुरखा, जिम्नी यांची फोर बाय फोर हाताने किंवा बटणाने लावायची. ती कोरड्या डांबरावर लावून ठेवू नका. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मधे सोडवणारं काही नसल्याने सगळा पीळ गिअरपेट्यांवर येतो. एक्सयूव्ही७०० किंवा जीप मेरिडियनसारख्या गाड्यांची यंत्रणा आपणहून ताकद वाटते, तिला हे बंधन नाही, पण त्यांच्यात खरी लो-रेंज नाही.

आता गाड्या

हे सगळं हातात आल्यावर शोरूमला जायचं. पुस्तिकेची परवानगी आहे हे गृहीत धरून, सुमारे १००० ते १२०० किलोंच्या ब्रेकच्या कॅराव्हॅनसाठी आणि पाच माणसांच्या घरासाठी माझं मत सांगते.

स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर ऑटोमॅटिक मला या कामाला सर्वांत जुळती वाटते. शिडीसारखी चासी (खालचा सांगाडा), १७५ अश्वशक्ती, ४०० न्यूटन-मीटर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर), चाकांमधलं अंतर २७५० मिलिमीटर. मॅन्युअलमध्ये टॉर्क ३७०. कॅराव्हॅनसाठी मी ऑटोमॅटिकच घेईन, कारण भेरूघाटात ट्रकामागे थांबून पुन्हा निघताना क्लचचा वास येत नाही. उणीव मागची : तिसऱ्या रांगेत माणसं बसली की सामानाला जागा उरत नाही, मग ते कॅराव्हॅनमध्ये जातं आणि तिचं वजन वाढतं. शिवाय १९१७ मिलिमीटर रुंदी रामबागेच्या गल्ल्यांत जाणवते.

फॉर्च्युनर फोर बाय फोर ऑटोमॅटिकला २०४ अश्वशक्ती आणि ५०० न्यूटन-मीटर. कॅराव्हॅन १५०० किलोंकडे झुकत असेल, किंवा वर्षाला तीन-चार लांबचे प्रवास नक्की असतील, तर तिचे जादा पैसे वसूल होतात. हजार किलोंसाठी मी एवढा खर्च करणार नाही. त्या फरकात कॅराव्हॅनला चांगले ब्रेक, चांगले टायर आणि दहा वर्षांचं डिझेल येईल.

थार रॉक्सचं २८५० मिलिमीटरचं अंतर ओढायला फार चांगलं. ऑटोमॅटिक फोर बाय फोरला ३७० न्यूटन-मीटर आहेत. चार माणसांच्या घराला ती स्कॉर्पिओइतकीच चालेल, पाचव्याला मधे लांबचा प्रवास अवघड. तीन दारांची थार मात्र नको. तिचं अंतर २४५०, मागचं सामान नावापुरतं, आणि आखूड गाडीला मागची कॅराव्हॅन लवकर हलवते.

पाच दारांची गुरखा मनात भरते. १४० अश्वशक्ती, ३२० न्यूटन-मीटर, चाकांमधलं अंतर २८२५ मिलिमीटर, पुढे-मागे दोन्हीकडे लॉक होणारे डिफरन्शियल, म्हणजे एक चाक घसरलं तरी जोडीचं चाक फिरत राहतं. चिखलातून बाहेर काढायला तिच्याइतकी भरवशाची दुसरी नाही. पण फक्त मॅन्युअल आणि उंच पायऱ्या. माझ्या आईला तिच्यात चढवणं म्हणजे दोघांचं काम, म्हणून आमच्या यादीतून गेली. तुमच्या घरी सगळे तरणेताठे असतील तर जरूर चालवून बघा.

हायलक्स आणि व्ही-क्रॉस या पिकअप. चाकांमधलं अंतर तीन मीटरच्या वर, त्यामुळे कॅराव्हॅनपुढे पाय रोवून चालतात. मागच्या हौद्यात सामान गेलं की कॅराव्हॅन हलकी राहते हा मोठा फायदा. लांबी सव्वापाच मीटरच्या वर आणि मागे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, रिकाम्या असताना मागच्या सीटवर उसळतात.

एक्सयूव्ही७०० आणि मेरिडियन आरामाच्या बाबतीत पुढे, पण कॅराव्हॅन ८०० किलोंच्या आत असेल आणि मुक्काम पक्क्या जागेवर असेल तरच. जिम्नीचं वजनच सुमारे १२०० किलो. माझ्या ६० टक्क्यांच्या हिशेबाने ७२० किलोंची कॅराव्हॅन येते, आणि १३४ न्यूटन-मीटरचं पेट्रोल इंजिन घाटात दमतं. दोघांनी छोटी टपरीवजा कॅराव्हॅन न्यायची तर ठीक.

हिच, कागद आणि टायर

मागच्या बंपरला लावतात ती चकचकीत नळी शोभेची असते, तिला कॅराव्हॅन अडकवू नका. हिच चासीच्या दोन्ही दांड्यांना बोल्टने बसवलेला हवा, गोळा ५० मिलिमीटरचा, सुरक्षा-साखळ्या दोन आणि खाली एकमेकींना छेद देणाऱ्या. कॅराव्हॅनचे मागचे दिवे, ब्रेकलाइट, इंडिकेटर चालतील अशी वेगळी वायरिंग बसवून घ्या. मूळ वायर सोलून जोडणाऱ्याला हात लावू देऊ नका.

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ‘मोटार वाहन’ या व्याख्येत ट्रेलर येतो, म्हणून त्याची नोंदणी वेगळी. कलम ६१ प्रमाणे ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर दिसायला हवा. कलम ५२ गाडीतल्या फेरफाराबद्दल आहे. हिच बसवण्यापूर्वी आरटीओत लेखी अर्ज करून विचारा. विमा कंपनीकडून दोन गोष्टी लेखी घ्या : कॅराव्हॅनचा स्वतंत्र विमा, आणि गाडी ओढत असतानाही गाडीचा विमा लागू राहतो हे. चालत्या कॅराव्हॅनमध्ये कुणीही बसायचं नाही, मूल झोपलं असलं तरी.

कॅराव्हॅनचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. बाजूवर कोरलेल्या कोडाचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षं झाली की नक्षी शाबूत असली तरी बदला.

पहिल्या दोन रविवारी

पहिला रविवार मोकळ्या मैदानात, मागे घेण्याच्या सरावासाठी. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. कॅराव्हॅनची शेपटी ज्या बाजूला न्यायची त्याच बाजूला हात सरकवा. थोडंच. ती वाकडी व्हायला लागली की थांबा, पुढे घ्या, पुन्हा करा. बाहेर एकाने उभं राहायचं आणि त्याने आरशात दिसेल अशाच जागी उभं राहायचं. गाडीपेक्षा कॅराव्हॅन रुंद असेल तर जादा आरसे लावा.

दुसरा रविवार पहाटे इंदूरच्या सुपर कॉरिडॉर या रुंद रस्त्यावर, मग उज्जैनपर्यंत. वेग ताशी ६० ते ७०, त्याहून जास्त नको. ट्रक शेजारून गेल्यावर कॅराव्हॅन डोलायला लागली तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा आणि वेग आपोआप उतरू द्या. जोरात ब्रेक नाही, आणि ‘खेचून सरळ करू’ म्हणून वेग वाढवणं तर मुळीच नाही. डोलणं थांबलं की बाजूला थांबून नाकावरचा भार पुन्हा मोजा. बहुतेक वेळा कुणीतरी पाण्याचे कॅन मागच्या कपाटात ठेवलेले असतात.

दर तासाला एकदा थांबून कॅराव्हॅनच्या दोन्ही चाकांच्या मधल्या भागाजवळ हाताची मागची बाजू न्या. दोन्हीकडे ऊब सारखी हवी. एक बाजू चटका देत असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक, आणि ते सुटेपर्यंत घाटाकडे जायचं नाही. आमचं डावं चाक असंच तापलं होतं. आम्ही उज्जैनहूनच मागे फिरलो, आणि महेश्वरला पंधरा दिवसांनी पोहोचलो.